कंपन चाचणीत रचनेचे अरेषीय वर्तन कसे ओळखावे आणि त्याची जात कशी ठरवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोल्टने जोडलेल्या धातूच्या एका रचनेवर इलेक्ट्रोडायनॅमिक शेकर (विजेवर चालणारे, रचना हलवणारे यंत्र) लावून रँडम उद्दीपनाने, म्हणजे स्वैर बदलणारे बल देऊन, चाचणी घेतली. बलाची पातळी चौपट केल्यावर ४० हर्ट्झच्या आसपासचा पहिला मोड (रचनेच्या नैसर्गिक कंपनाचा एक प्रकार) सुमारे दोन टक्क्यांनी खाली सरकला, एफआरएफचे (प्रत्येक वारंवारतेवर प्रतिसाद भागिले बल या गुणोत्तराच्या वक्राचे) शिखर बुटके आणि रुंद झाले, आणि त्याच पट्ट्यात कोहिरन्स (प्रतिसादाचा किती भाग बलाशी रेषीयपणे जुळतो याचे ० ते १ मधले माप) ०.८ पर्यंत उतरला. हे रचनेचे अरेषीय वर्तन आहे की मापनातला दोष, आणि अरेषीय असेल तर ते कोणत्या जातीचे, हे कसे ठरवावे, अशी विचारणा आहे.

माझे मत आधी सांगतो. पातळी वाढली की वारंवारता उतरणे आणि डॅम्पिंग (कंपनाची ऊर्जा खर्च होण्याचे प्रमाण) वाढणे ही बोल्टच्या जोडातील सूक्ष्म घसरणीची ओळखीची खूण आहे, त्यामुळे संशयाची दिशा बरोबर आहे. मात्र दोन पातळ्यांवरच्या दोन रँडम एफआरएफ एवढ्याच सामग्रीवर मी अहवालात ‘अरेषीयता सिद्ध झाली’ असे लिहिणार नाही, आणि कोहिरन्सचा आधार तर मुळीच घेणार नाही. त्यासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे लागतात: प्रतिसादाच्या आयामाबरोबर मोडचे गुणधर्म बदलतात हा एक, आणि ज्या वारंवारतेवर बल दिलेलेच नाही तेथे रचना ऊर्जा निर्माण करते हा दुसरा. यांपैकी एकच पुरावा का पुरत नाही, ते पुढे येईलच.

रेषीय रचनेत बल दुप्पट केले की प्रतिसाद दुप्पट होतो, आणि दोन बले एकत्र दिली की येणारा प्रतिसाद हा त्यांच्या वेगवेगळ्या प्रतिसादांची बेरीज असतो. हे दोन्ही गुण टिकतात तेव्हाच एफआरएफ हा निव्वळ रचनेचा गुणधर्म म्हणता येतो. त्यांपैकी एक जरी ढळला, तरी मोजलेली एफआरएफ ही रचना आणि तिला दिलेले उद्दीपन या दोघांची मिळून असते. उद्दीपनाचा प्रकार, त्याची पातळी, त्याचा वर्णपट, यांतले काही बदलले की तीही बदलते. म्हणून अशा रचनेच्या बाबतीत ‘नैसर्गिक वारंवारता किती?’ या प्रश्नाला ‘कोणत्या आयामावर?’ हे विचारल्याशिवाय उत्तर नसते. आणि येथे आयाम म्हणजे प्रतिसादाचा आयाम, बलाचा नव्हे. शेकर किती न्यूटन देत आहे हे जोडाला ठाऊक नसते. आपल्या दोन पृष्ठभागांमध्ये किती सरक झाली, एवढेच त्याला कळते. त्यामुळे आलेखाच्या आडव्या अक्षावर बलाची पातळी मांडण्याऐवजी रेझोनन्सवरचे (नैसर्गिक वारंवारतेशी जुळून प्रतिसाद शिखरावर असतानाचे) विस्थापन, आणि शक्य असेल तर जोडाच्या दोन बाजूंमधील सापेक्ष विस्थापन मांडावे. बल चौपट केले तरी डॅम्पिंग वाढल्यामुळे आयाम चौपट झालेला नसतो, हे आपल्या नोंदींतही दिसेल.

रचनेवर आरोप ठेवण्याआधी चाचणीची मांडणी तपासावी लागते, आणि माझ्या अनुभवात निम्मा वेळ येथेच गेला पाहिजे. शेकर हे आदर्श बलाचे साधन नाही. रेझोनन्सजवळ रचना सहज हलू लागते, शेकरच्या आर्मेचरचे वस्तुमान आणि त्याच्या निलंबनाची ताठरता यांनाच बहुतेक बल खर्ची पडते, आणि रचनेपर्यंत पोहोचणारे बल नेमके शिखरावर खोल खाली जाते. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे बलाच्या मापनात गोंगाटाचा वाटा वाढतो आणि एच-१ पद्धतीने (गोंगाट केवळ प्रतिसादात आहे असे धरून) काढलेले शिखर खऱ्यापेक्षा बुटके येते. म्हणून त्याच नोंदींवरून एच-२ (गोंगाट केवळ बलात आहे असे धरणारी पद्धत) काढून दोन्ही वक्र एकावर एक ठेवून पाहावेत. आपल्या बाबतीत मात्र पातळी वाढवल्यावर शिखर खाली आले आहे. पातळी वाढवली की गोंगाटाचे प्रमाण घटते, त्यामुळे केवळ या कारणाने शिखर उंचावायला हवे होते. म्हणजे हा दोष असला तरी आपल्याला दिसलेला बदल त्याने स्पष्ट होत नाही. दुसरा परिणाम असा की मूळ वारंवारतेवरचे बल खाली गेले तरी शेकर आणि अॅम्प्लिफायर यांच्या स्वतःच्या अरेषीयतेतून आलेले दुपटीवरचे, तिपटीवरचे घटक तसे खाली जात नाहीत, आणि रेझोनन्सवर बलाची लहर बेढब दिसू लागते.

याची एक आठवण येथे उपयोगी पडेल. एका कंसाकृती आधारावर साइन चाचणी चालू होती आणि प्रतिसादात दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुपटीवरचा घटक) मूळ घटकाच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका दिसत होता. एका बाजूला उघडणारी फट असावी असे सर्वांचे मत पडले, आणि ती फट शोधण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शेकर बंद असताना मी स्टिंगर (शेकर आणि रचना जोडणारी बारीक दांडी) चिमटीत धरून अक्षाच्या दिशेने हळूच मागेपुढे ओढला, तेव्हा बोटांना अगदी बारीक टकटक जाणवली. बल संवेदकाच्या बाजूचे लॉकनट अर्ध्या फेऱ्याने सैल होते. ते आवळल्यावर दुसरा हार्मोनिक गोंगाटाच्या तळाशी गेला. तेव्हापासून प्रत्येक चाचणीपूर्वी स्टिंगरचे दोन्ही नट, अॅक्सिलरोमीटरचे स्टड किंवा मेण, लोंबती केबल आणि निलंबनाचे दोर हाताने तपासायचे, असा नियम मी केला आहे. अॅम्प्लिफायर किंवा डेटा मोजणारे यंत्र संपृक्त होत नाही ना, हेही मूळ कालनोंद पाहूनच कळते, वर्णपटावरून कळत नाही.

बलातच हार्मोनिक असेल, तर प्रतिसादातल्या हार्मोनिकचा किती भाग रचनेचा, हे काढण्याची एक सोपी पद्धत आहे. समजा दुपटीवर बलाचा घटक मोजला आहे आणि प्रतिसादाचाही. अगदी कमी पातळीवर मोजलेल्या एफआरएफची त्या दुपटीच्या वारंवारतेवरची किंमत घ्यावी, तिला बलाच्या घटकाने गुणावे आणि आलेला गुणाकार प्रतिसादाच्या घटकातून वजा करावा. वजाबाकी फेज धरून, म्हणजे सदिश म्हणूनच करावी; नुसत्या मूल्यांची वजाबाकी फसवते. बाकी नगण्य उरली तर तो हार्मोनिक बलाने आणलेला आहे आणि रचनेने तो केवळ रेषीयपणे पुढे पोहोचवला आहे. दुपटीच्या जवळपास एखादा मोड असेल तर बलातला क्षुल्लक हार्मोनिकही प्रतिसादात मोठा दिसतो, आणि तेव्हा ही वजाबाकी केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

साइन स्वीप (वारंवारता सलग बदलत जाणारे साइन बल) वापरताना आणखी एक फसगत होते. वेगाने स्वीप केला की शिखर स्वीपच्या दिशेने सरकते: वर जाताना वरच्या बाजूला, खाली येताना खालच्या बाजूला. दोन्ही वक्रांत फरक दिसतो आणि तो अरेषीय रचनेतील उडीसारखा भासतो. आयएसओ मानकावर आधारलेला प्रचलित नियम असा की रेषीय स्वीपचा वेग, दर मिनिटाला हर्ट्झमध्ये, ५४ गुणिले वारंवारतेचा वर्ग गुणिले लॉस फॅक्टरचा वर्ग यापेक्षा जास्त असू नये. मोड ४० हर्ट्झचा आणि डॅम्पिंग गुणोत्तर ०.५ टक्के, म्हणजे लॉस फॅक्टर (त्याची दुप्पट) ०.०१ असेल, तर ही मर्यादा मिनिटाला सुमारे ८.६ हर्ट्झ येते, जी घाईने ठेवलेल्या स्वीपमध्ये सहज ओलांडली जाते. शंका असेल तर स्वीपचा वेग निम्मा करावा. त्याने दोन वक्रांतील अंतर घटले तर दोष वेगाचा. वेग कमी करून काही फरक पडला नाही, पण पातळी कमी केल्यावर अंतर मिटले, तर दोष रचनेचा.

पातळ्यांची चाचणी करताना क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत खालच्या पातळीपासून चार-पाच पायऱ्या चढाव्यात आणि शेवटी पुन्हा सर्वांत खालच्या पातळीवर येऊन पहिली चाचणी जशीच्या तशी करावी. बोल्टचा जोड पहिल्या मोठ्या कंपनात बसतो, वॉशरखालचे पृष्ठभाग दबतात, पूर्वताण थोडा उतरतो. मग खालच्या पातळीवरची वारंवारता मूळ जागी परतत नाही. हा बदल अरेषीयता नव्हे, ती रचनाच आता वेगळी झाली आहे. अवकाशयानांच्या कंपन चाचणीत मोठ्या पातळीच्या आधी आणि नंतर कमी पातळीचा साइन स्वीप घेण्याची रीत याच कारणाने आहे. आपण दोनच पातळ्या घेतल्या आणि परत खाली आला नाहीत, म्हणून दोन टक्क्यांच्या घसरणीतला किती भाग परत न येणारा आहे, हे आज सांगता येणार नाही. ही उणीव भरून काढायला जेमतेम अर्धा तास लागेल, आणि पुढचे काहीही करण्याआधी मी तेच करीन.

आता कोहिरन्स. रँडम चाचणीत तो उतरण्याची किमान तीन कारणे असतात: गोंगाट, लीकेज (मर्यादित लांबीच्या नोंदीमुळे ऊर्जा शेजारच्या वारंवारतांत सांडणे) आणि अरेषीयता. कमी डॅम्पिंगच्या मोडवर वारंवारतेचे विभेदन अपुरे असेल तर लीकेजमुळे नेमक्या शिखरावरच कोहिरन्स उतरतो. आपला मोड ४० हर्ट्झचा, डॅम्पिंग अर्धा टक्का धरले तर त्याची अर्धशक्ती रुंदी (शक्ती शिखराच्या निम्मी होते त्या दोन वारंवारतांतील अंतर) ०.४ हर्ट्झ भरते, विभेदन ०.२५ हर्ट्झ ठेवले असेल तर त्या शिखरावर वारंवारतेच्या दोन रेषासुद्धा नीट पडत नाहीत. विभेदन बारीक केल्यावर कोहिरन्स सुधारला तर तो लीकेजचा प्रताप होता. उलट, कोहिरन्स चांगला आहे म्हणून रचना रेषीय आहे, असेही म्हणता येत नाही. रँडम उद्दीपनात आयाम सतत चढउतार करतो, जोड कधी चिकटतो कधी घसरतो, आणि सरासरीतून निघणारी एफआरएफ ही त्या पातळीपुरती सर्वोत्तम रेषीय जुळणी असते. तिचा वक्र इतका गुळगुळीत आणि सममित येतो की त्यावर बसवलेले मोडल प्रारूपही छान जुळते आणि अरेषीयता झाकली जाते. रँडम एफआरएफ खोटी नसते. ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा असतो.

कोहिरन्समधली ही तीन कारणे वेगळी करण्याचा मला सर्वांत पटलेला मार्ग म्हणजे आवर्ती मल्टिसाइन, ज्यात ठरावीक वारंवारतांचे अनेक साइन स्वैर फेजने एकत्र केलेले असतात आणि तोच संकेत पुन्हा पुन्हा वाजवला जातो. त्याची खुबी समजून घेण्यासारखी आहे. आवर्तन पूर्णांकात मोजल्यामुळे लीकेज उरतच नाही. एकाच संकेताची लागोपाठची आवर्तने तपासली तर त्यांच्यातला फरक हा केवळ गोंगाट असतो, कारण अरेषीय विकृती प्रत्येक आवर्तनात तंतोतंत तशीच येते. मग तेच आयाम ठेवून फेज नव्याने स्वैर निवडावेत आणि पुन्हा मोजावे. आता अरेषीय विकृती बदलते, कारण ती फेजच्या विशिष्ट जुळणीवर अवलंबून असते, आणि दोन संचांतल्या एफआरएफमधील फरकात ती उघडी पडते. म्हणजे आवर्तनांमधील विचलन गोंगाटाचे, आणि फेजच्या संचांमधील विचलन गोंगाट अधिक अरेषीयतेचे. दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढले की रेझोनन्सवर त्यांच्यातले अंतर डोळ्यांनी दिसते. त्यासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही.

याच संकेतात आणखी एक सोय करता येते. मूळ वारंवारतेच्या केवळ विषम पटींवर बल द्यावे, आणि त्यातही दर तीन-चार लागोपाठच्या विषम रेषांपैकी एक स्वैरपणे रिकामी सोडावी. प्रतिसादात सम रेषांवर ऊर्जा आली तर रचनेत सम स्वरूपाची, म्हणजे दोन दिशांना वेगळी वागणारी अरेषीयता आहे. रिकाम्या सोडलेल्या विषम रेषांवर आली तर विषम, म्हणजे दोन्ही दिशांना सारखी वागणारी. एका दिशेला लागणारा अडथळा किंवा उघडझाप करणारा तडा पहिल्या प्रकारात येतो. घन ताठरता, दोन्ही बाजूंना सारखी मोकळीक आणि घर्षण दुसऱ्या प्रकारात येतात. आपल्या मोडसाठी मूळ अंतर ०.०२५ हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन ४० सेकंदांचे ठेवले, तर विषम रेषा ०.०५ हर्ट्झवर येतात आणि अर्धशक्ती रुंदीत सात-आठ रेषा मिळतात. पहिले आवर्तन सोडून द्यावे, पुढची सहा ठेवावीत, आणि फेजचे सहा-आठ संच घ्यावेत. एका पातळीला अर्ध्या-पाऊण तासात काम होते. बलाच्या मापनात रिकाम्या रेषांवर काही दिसते का, हे येथेही तपासावे, कारण शेकर रेझोनन्सवर त्या रेषा भरून टाकतो.

सम आणि विषम यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी हवी. घन ताठरतेची स्प्रिंग सममित असते, पण रचना स्वतःच्या वजनाने किंवा पूर्वताणाने थोडी एका बाजूला बसलेली असेल, तर कंपन त्या सरकलेल्या बिंदूभोवती होते, आणि घन पदाचा विस्तार केला की त्यातून वर्गाचे पद आपोआप बाहेर पडते. त्यामुळे दुसरा हार्मोनिक दिसला की लगेच एकतर्फी फट शोधायला लागू नये. रचना उभी-आडवी फिरवून किंवा पूर्वताण बदलून सम घटक बदलतो का, हे आधी पाहावे.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी दोन पुरावे मागतो. बोल्टच्या जोडाशी त्याचा थेट संबंध नाही, पण तडा शोधणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा नडतो. समजा ताठरता एका दिशेला एक आणि दुसऱ्या दिशेला दुसरी आहे, आणि बदल नेमका शून्य विस्थापनावर होतो. पूर्वताण नसलेला उघडझाप करणारा तडा साधारण असाच वागतो. येथे बल दुप्पट केले तर प्रतिसाद बरोबर दुप्पट होतो. प्रत्येक अर्धी लहर आपापल्या ताठरतेने पूर्ण होते, आणि एकूण वारंवारता दोन टोकांच्या वारंवारतांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज इतकी येते. तिच्यात आयाम कोठेच नाही. सगळ्या पातळ्यांवरच्या एफआरएफ एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि मोजणारा समाधानाने ‘रेषीय’ अशी नोंद करतो. प्रत्यक्षात बेरजेचा गुण मोडलेला असतो आणि दुपटीवरचा हार्मोनिक ते सांगत असतो, पण ट्रॅकिंग फिल्टर लावून फक्त मूळ वारंवारता ठेवली असेल तर तो नोंदीतून आधीच गाळला गेलेला असतो. म्हणून माझा आग्रह असा की चाचणी कोणत्याही प्रकारची असो, गाळणी न लावलेली मूळ कालनोंद जपून ठेवावी, आणि नमुन्यांचा वेग रेझोनन्सच्या किमान वीस-पंचवीस पट असावा.

अरेषीयता आहे हे ठरल्यावर तिची जात ठरवायची. त्यासाठी आयामानुसार वारंवारता आणि आयामानुसार डॅम्पिंग, असे दोन आलेख मला सर्वांत बोलके वाटतात. घन ताठरतेसाठी वारंवारतेचा वर्ग आयामाच्या वर्गाबरोबर सरळ रेषेत बदलतो. परिणामी ताठरता म्हणजे मूळ ताठरता अधिक घन गुणांकाचा तीन चतुर्थांश गुणिले आयामाचा वर्ग. जॉर्ज डफिंग यांनी १९१८ मध्ये अभ्यासलेल्या समीकरणातून हा संबंध हार्मोनिक बॅलन्सने (प्रतिसाद साइन धरून समीकरण जुळवण्याच्या पद्धतीने) दोन ओळींत निघतो. उदाहरणार्थ, अगदी लहान आयामावर ४० हर्ट्झ आणि १ मि.मी. आयामावर ४१ हर्ट्झ मिळाले, तर त्यावरून २ मि.मी. वर सुमारे ४३.९ हर्ट्झ यायला हवेत. असा अंदाज आधी कागदावर लिहून मग मोजावे. आले तर घन प्रारूप तग धरते. त्याऐवजी एका ठरावीक आयामापर्यंत वारंवारता हललीच नाही, तिथून पुढे झपाट्याने चढली आणि नंतर एका वरच्या किमतीकडे मंदावत गेली, तर ती मोकळीक आहे, आणि वक्र जिथे वळतो तो आयाम म्हणजे फटीचे माप. ते फीलर गेजने पडताळता आले तर त्यासारखा पुरावा नाही.

बोल्टच्या जोडाचा वक्र याच्या उलट असतो. लहान आयामावर जोड पूर्ण चिकटलेला, म्हणून वारंवारता सर्वांत वर आणि डॅम्पिंग किमान. आयाम वाढतो तशी संपर्कक्षेत्राच्या कडेपासून घसरण आत सरकते, वारंवारता हळूहळू उतरते आणि डॅम्पिंग वाढते. सारा जोड एकदम घसरू लागला की वारंवारता खालच्या किमतीवर स्थिरावते आणि डॅम्पिंग शिखर गाठून आयामाच्या व्यस्त प्रमाणात पुन्हा घटते. दर चक्रात खर्च होणारी ऊर्जा आयामाच्या कोणत्या घाताने वाढते, हे येथे विचारावे. विष्यंदी (वेगाच्या प्रमाणात बल देणाऱ्या) डॅम्पिंगमध्ये तो घात २ असतो, सूक्ष्म घसरणीच्या आदर्श सिद्धांतात ३, आणि पूर्ण घसरणाऱ्या कूलोम (स्थिर बलाच्या) घर्षणात १. प्रत्यक्ष जोडांत सूक्ष्म घसरणीच्या टप्प्यात २ आणि ३ यांच्यामधली किंमत मिळते. समजा आयाम तिप्पट झाला आणि जोडामुळे येणारे डॅम्पिंग ०.४ वरून ०.७ टक्क्यांवर गेले, तर घात सुमारे २.५ येतो. मात्र यात साहित्याचे आणि निलंबनाचे आयामावर अवलंबून नसलेले डॅम्पिंग आधी वजा केलेले असावे, नाहीतर घात खरा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. अशा वर्तनासाठी इवान यांनी १९६० च्या दशकात मांडलेले, एकमेकांना समांतर लावलेल्या अनेक स्प्रिंग-घर्षण घटकांचे प्रारूप आजही उपयोगी पडते, कारण त्यात हे दोन्ही टप्पे एकाच सूत्रात बसतात.

हे आलेख मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मुक्त ऱ्हास. रेझोनन्सवर साइनने रचना चांगल्या आयामावर न्यावी, उद्दीपन एकदम तोडावे, आणि विझत जाणाऱ्या लहरीचा आयाम आणि क्षणिक वारंवारता हिल्बर्ट रूपांतराने (लहरीचा क्षणोक्षणीचा आयाम आणि फेज देणाऱ्या गणिती क्रियेने) काढावी. एकाच नोंदीत सर्व आयाम मिळतात. लॉगरिदमी अक्षावर आवरणरेषा सरळ आली तर डॅम्पिंग विष्यंदी. साध्या अक्षावर सरळ आली तर कूलोम घर्षण, आणि मग दर चक्राला होणारी घट घर्षणबलाच्या चौपटीला ताठरतेने भागल्याइतकी असते. जोडलेला शेकर मात्र तसाच राहिला तर त्याचे आर्मेचर आणि व्होल्टेज पद्धतीच्या अॅम्प्लिफायरमुळे येणारे विद्युतचुंबकीय डॅम्पिंग आपल्या आलेखात शिरते, म्हणून अॅम्प्लिफायर करंट पद्धतीवर ठेवावा किंवा शेकर अलग करण्याची सोय करावी. फिल्टर लावून एकच मोड वेगळा काढताना फिल्टरची रुंदी वारंवारतेच्या सरकण्याला पुरेल इतकी ठेवावी आणि नोंदीच्या सुरुवातीचा, फिल्टरने विस्कटलेला भाग वापरू नये. हातोडीने ठोका देऊनही ऱ्हास मिळतो, पण आयामावर नियंत्रण राहत नाही आणि अनेक मोड एकदम जागे होतात. जोडाच्या अभ्यासासाठी मी हातोडी फक्त पहिल्या चाचपणीपुरती वापरतो.

अरेषीयता कोणत्या जोडात आहे हे माहीत असेल, तर तिचा आकार थेट पाहता येतो. मसरी आणि कॉघी यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पुनःस्थापक बलाच्या पृष्ठभागाची कल्पना सरळ आहे: दिलेल्या बलातून वस्तुमान गुणिले त्वरण वजा केले की उरते ते स्प्रिंग आणि डॅम्पिंग यांचे एकत्रित बल, आणि ते विस्थापन व वेग यांच्यापुढे मांडले की एक पृष्ठभाग तयार होतो. अनेक स्वातंत्र्यांश असलेल्या रचनेत जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक अॅक्सिलरोमीटर लावून सापेक्ष विस्थापनापुढे एका बाजूचे त्वरण उलट्या चिन्हाने मांडले, तरी गुणात्मक चित्र मिळते. ज्या क्षणी सापेक्ष वेग शून्याजवळ असतो तेवढेच बिंदू निवडले की ताठरतेचा वक्र उरतो: घन असेल तर हळूहळू उभा होणारा, मोकळीक असेल तर मध्ये सपाट आणि दोन्ही टोकांना कोपऱ्यात वळणारा. त्वरणाचे दोनदा संकलन करताना येणारा हळूहळू वाहणारा दोष काढण्यासाठी हाय-पास फिल्टर लावावाच लागतो, आणि तो स्थिर सरकही पुसून टाकतो. त्यामुळे वक्राचा मध्य खरोखर कोठे आहे हे या पद्धतीने कळत नाही. घर्षणात मात्र इतिहासाचा भाग असतो, एकाच विस्थापनाला आणि वेगाला दोन बले संभवतात, आणि पृष्ठभाग अस्पष्ट पसरतो. तो पसारा हाच घर्षणाचा एक पुरावा समजावा.

अरेषीयता तीव्र असेल तर ठरावीक बलाच्या साइन चाचणीत वक्र वाकतो, एका आयामावरून दुसऱ्यावर उडी पडते आणि मधली शाखा साध्या स्वीपने मोजताच येत नाही. अशा वेळी फेज लॉक लूप (फेज ठरावीक राहावा म्हणून वारंवारता आपोआप बदलणारे नियंत्रण) वापरून विस्थापन आणि बल यांच्यातला फेज ९० अंशांवर रोखून धरावा आणि बल हळूहळू वाढवत जावे. रेझोनन्सचा कणा (आयामानुसार रेझोनन्सची वारंवारता दाखवणारा वक्र) थेट हाती लागतो. दुसरा मार्ग म्हणजे बलाऐवजी प्रतिसादाचा आयाम स्थिर ठेवून स्टेप्ड-साइन (वारंवारता पायरीपायरीने बदलणारी साइन चाचणी) घेणे: त्या आयामापुरती रचना जवळजवळ रेषीय वागते, वक्र सरळ उभा राहतो आणि नेहमीचे मोडल विश्लेषण चालते. आपल्या दोन टक्क्यांच्या बदलासाठी दुसरा मार्ग पुरेसा आहे.

हे प्रश्न केवळ प्रयोगशाळेतल्या तुळयांचे नाहीत. मोरान-सॉल्निये पॅरिस या छोट्या जेट विमानाच्या जमिनीवरील कंपन चाचणीत पंखांच्या टोकाच्या इंधनटाक्या जोडणाऱ्या बोल्टमुळे पातळीबरोबर वारंवारता उतरताना दिसली, आणि २०१४ साली बेल्जियममध्ये एका एफ-१६ विमानावर घेतलेल्या चाचणीत उजव्या पंखाला अडकवलेल्या भाराचा जोड हा अरेषीयतेचा मुख्य उगम ठरला. त्या चाचणीची मोजमापे अभ्यासासाठी खुली आहेत. मल्टिसाइन आणि साइन स्वीप अनेक पातळ्यांवर त्यात आहेत, आणि स्वतःची गणिते तपासून पाहण्यासाठी त्याहून चांगली सामग्री मला तरी मिळालेली नाही.

आपल्या रचनेसाठी मी पुढील क्रम ठेवीन. स्टिंगर, स्टड आणि निलंबन तपासून, बोल्ट टॉर्क रेंचने ठरल्या टॉर्कवर आवळून खालच्या पातळीचे मोजमाप घ्यावे. मग विषम मल्टिसाइन चार पातळ्यांवर वाजवून शेवटी खालच्या पातळीवर परत यावे. सम रेषा शांत राहिल्या, रिकाम्या विषम रेषा पातळीबरोबर वाढल्या आणि खालची वारंवारता परत मिळाली, तर आयाम स्थिर ठेवलेल्या स्टेप्ड-साइनने पाच-सहा आयामांवर वारंवारता आणि डॅम्पिंग काढून घात मोजावा. त्यानंतर बोल्टचा टॉर्क निम्मा करून सारे पुन्हा करावे: जोडातील घसरण असेल तर वारंवारता उतरण्याची सुरुवात आता लहान आयामावर होईल आणि डॅम्पिंगचे शिखरही त्याच बाजूला सरकेल. तसे झाले नाही, तर उगम त्या बोल्टमध्ये नाही, आणि अॅक्सिलरोमीटरची एक जोडी शेजारच्या जोडावर हलवून तीच मोजणी तेथे करावी लागेल. अहवालात प्रत्येक वारंवारतेशेजारी आणि प्रत्येक डॅम्पिंगशेजारी ती किंमत कोणत्या आयामावर, कोणत्या उद्दीपनाने आणि किती टॉर्कवर मिळाली ते लिहावे.